सहीच्या आधीचे बोलणे

साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत शस्त्रक्रियेचा विषय कशासाठी, असे काहींच्या मनात येईल. शंका रास्त आहे. पोट कसे उघडतात आणि टाके कसे घालतात, हे सांगण्याची ही जागा नव्हे. परंतु प्रत्येक शस्त्रक्रियेच्या आधी एक बोलणे होते. सर्जन सांगतो, रुग्ण ऐकतो, घरची माणसे मान डोलावतात आणि मग कागदावर सही होते. हे बोलणे पाच मिनिटांचे असो की अर्ध्या तासाचे, त्यावर पुढची कित्येक वर्षे अवलंबून असतात. ते शब्दांनी होते, कोणत्या तरी भाषेत होते, आणि त्यात काही सांगितले जाते, काही राहून जाते. म्हणून हा विषय शब्दांची चाड असणाऱ्यांचाही आहे.

धार आणि देवास येथील मराठी घरांना हा प्रसंग अनोळखी नाही. हर्निया, अपेंडिक्स, प्रसूती यांसाठी गावातच सोय होते. काही गुंतागुंतीचे निघाले की "इंदूरला न्या" असे सांगतात. देवासहून ३५-४० किलोमीटर, धारहून ६०-६५. गाडी ठरते, फायलींची पिशवी भरते, बरोबर एक मुलगा, एक जावई आणि ओळखीतला कोणी तरी निघतो. तेथे मोठ्या डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीवर मुलगा बसतो, जावई शेजारी उभा राहतो, आणि ज्यांचे ऑपरेशन व्हायचे ते आजोबा बाहेरच्या बाकावर नंबराचा कागद हातात धरून बसलेले असतात. पुष्कळ वेळा बोलणे असे रुग्णाला वगळून होते. आजच्या विवेचनाचा मुद्दा हाच आहे. शस्त्रक्रियेच्या आधीचे बोलणे हा उपचाराचाच भाग आहे, सही हा त्या बोलण्याचा शेवट आहे, आणि ते बोलणे मुख्यतः ज्याच्या देहावर शस्त्र चालणार त्याच्याशी झाले पाहिजे.

जुन्या ग्रंथांतील अनुज्ञा

शस्त्रक्रियेपूर्वी परवानगी घेण्याची कल्पना पाश्चात्त्य कायद्याबरोबर आली असे आपण समजतो. तसे नाही. सुश्रुतसंहितेत मूतखड्याच्या शस्त्रक्रियेचे वर्णन आहे. त्या काळी ती जिवावरची होती. शस्त्रक्रिया न केली तर मृत्यू ठरलेला आणि केली तर यश अनिश्चित, म्हणून आधी राजाची अनुज्ञा घेऊन मगच वैद्याने हात घालावा, असे तेथे सांगितले आहे. चरकसंहितेत उदररोगाच्या प्रकरणात हीच गोष्ट अधिक विस्ताराने येते. आप्त, मित्र, पत्नी, गुरू, राजा या सर्वांना वैद्याने परिस्थिती सांगावी, आणि सांगताना यशाबद्दलचा संशयही बोलून दाखवावा, असा त्याचा आशय आहे.

यातल्या दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. एक, संशय लपवू नये, तो शब्दांत सांगावा, हे वैद्याचे कर्तव्य मानले गेले. दुसरी, ज्यांना सांगायचे त्यांच्या यादीत सगळे गणगोत आहे, पण स्वतः रुग्णाचे नाव ठळकपणे दिसत नाही. आजोबांना बाकावर बसवून मुलाशी बोलण्याची आपली सवय अशी फार जुनी आहे. तिच्यामागे माया आहे, हेही खरे. पण माया असली म्हणून दुसऱ्याच्या देहाविषयीचा निर्णय आपला होत नाही.

भूल आणि दाराबाहेरची माणसे

१८४६ साली अमेरिकेत बॉस्टन येथे ईथर देऊन केलेल्या शस्त्रक्रियेचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि शल्यशास्त्राचे रूप पालटले. वेदना गेली, सर्जनला वेळ मिळाला, पूर्वी अशक्य असलेल्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या. मात्र या देणगीबरोबर एक नवी अडचण आली. रुग्ण आता टेबलावर निःशब्द झाला. आत काही अनपेक्षित दिसले तर विचारायचे कोणाला? साहजिकच दार उघडून बाहेरच्या माणसांना.

या प्रश्नावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेला निकाल प्रत्येक घराने माहीत करून घ्यावा असा आहे. घटना मे १९९५ मधली, दिल्लीची. ४४ वर्षांच्या एका अविवाहित स्त्रीला रक्तस्रावाचा त्रास होता. दुर्बिणीतून तपासणी करण्यासाठी तिला भूल दिली. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईकडून संमती घेण्यात आली आणि तिचे गर्भाशय व बीजांडकोश काढण्यात आले. न्यायालयाने म्हटले की तपासणीची संमती ही उपचाराची संमती होत नाही. रुग्ण सज्ञान आहे, थोड्या वेळाने शुद्धीवर येणार आहे आणि तत्काळ जिवाला धोका नाही, अशा वेळी आईची संमती ही तिची संमती ठरत नाही. डॉक्टरांनी शुद्धीवर येईपर्यंत थांबून तिला विचारायला हवे होते.

त्याच निकालात संमती खरी केव्हा मानायची हेही सांगितले आहे. शस्त्रक्रिया कोणती व कशासाठी, तिला पर्याय कोणते, तिच्यातले महत्त्वाचे धोके कोणते, आणि ती केलीच नाही तर काय होईल, एवढे रुग्णाला पुरेशा प्रमाणात कळले पाहिजे. लाखात एखाद्याला होणारा प्रत्येक दुर्मीळ धोका वाचून दाखवावा, अशी अपेक्षा नाही. जीव वाचवण्यासाठी क्षणाचाही विलंब परवडणार नाही तेथे डॉक्टर संमतीवाचून पुढे जाऊ शकतात. म्हणजे नियम ताठर नाही. पण घरातल्या कोणाचीही सही चालते, ही आपली समजूत मात्र त्यात बसत नाही.

१९५३ चा एक मुलगा

या निकालाच्या चाळीस वर्षे आधीचा, मराठी मुलखातला एक खटला याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. ६ मे १९५३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर सुमारे वीस वर्षांच्या एका मुलाच्या मांडीचे हाड मोडले. गावच्या डॉक्टरांनी फळ्या बांधून पाय स्थिर केला. पुढे टॅक्सीतून सुमारे २०० मैलांचा प्रवास करून ९ तारखेला त्याला पुण्यात आणले. वडील स्वतः दौंडला वैद्यकीय व्यवसाय करणारे, तेही पुण्यात आले. पुण्याच्या रुग्णालयात हाड बसवण्याचे आणि प्लास्टरचे काम झाले. मॉर्फियाचा अंमल संध्याकाळपर्यंत उतरेल, असे वडिलांना सांगण्यात आले आणि त्यावर विसंबून ते दौंडला परतले. संध्याकाळी मुलाला श्वास घेणे जड जाऊ लागले आणि त्याच रात्री तो गेला. पुरेशी भूल न देता जोर लावून हाड ओढले गेले, असा निष्कर्ष न्यायालयांनी काढला आणि १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

रुग्णाविषयी डॉक्टरची कर्तव्ये त्या निकालात तीन सांगितली आहेत. रोगी हाती घ्यावा की नाही हे नीट ठरवणे, कोणता उपचार द्यावा हे नीट ठरवणे, आणि तो उपचार नीट देणे. भारतातील वैद्यकीय निष्काळजीपणाच्या खटल्यांत हा निकाल आजही आधाराला घेतला जातो. या तिन्हींत 'सांगणे' हे वेगळे कर्तव्य म्हणून आलेले नाही. २००८ च्या निकालात मात्र सांगणे आणि विचारणे हाच मध्यवर्ती मुद्दा झाला. चाळीस वर्षांत कायद्याची नजर हाताच्या कौशल्यावरून तोंडच्या शब्दापर्यंत आली, ती अशी. आणि एक गोष्ट मनाला लागते. त्या मुलाचे वडील डॉक्टर असूनही त्या दुपारी त्यांच्या हातात होते ते दुसऱ्या डॉक्टरचे एक वाक्य. मग ज्यांना वैद्यकाचे काहीच कळत नाही त्यांची मदार त्या वाक्यावर किती असेल?

दुखण्याची मातृभाषा

आता आपल्या प्रांताचा खास मुद्दा. पवारांच्या बरोबरीने अठराव्या शतकात माळव्यात आलेली मराठी घरे आज व्यवहाराने हिंदी आहेत. शाळा हिंदी, बाजार हिंदी, दवाखानाही हिंदी. संमतिपत्र बहुधा इंग्रजीत नाही तर हिंदीत छापलेले. घरातली भाषा मात्र अजून मराठी आहे, आणि म्हाताऱ्या माणसांचे दुखणे तर निश्चितच मराठी आहे.

दुखण्याला मराठीत किती शब्द आहेत पाहा. कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, रग लागते, आग होते, मुंग्या येतात, पोटात मुरडा येतो, छातीवर दडपण येते. हे एकमेकांचे पर्यायी शब्द नव्हेत. येऊन जाणारी, पुन्हा उसळणारी ती कळ. मूतखडा किंवा आतड्यातला अडथळा अशा वेळी डॉक्टरांना तिचा विचार करावा लागतो. पू धरलेल्या जागी ठणका असतो. मुंग्या आणि बधिरपणा मज्जातंतूंकडे बोट दाखवतात. आजी घरी म्हणते, "रात्रभर ठणकत होतं गं." दवाखान्यात नातू सांगतो, "इनको दर्द है." आजीने दिलेली अर्धी माहिती या एका वाक्यात गळून गेली.

उलट दिशेनेही तेच होते. डॉक्टर म्हणतात, "छोटा सा पीस लेकर जाँच को भेजेंगे." त्या लहान तुकड्याची तपासणी कर्करोगाच्या शंकेसाठी आहे, हे मुलाला कळते. तो आईला सांगतो, "काही नाही, थोडी तपासणी आहे." सर्जनच्या तोंडून निघालेले वाक्य रुग्णाच्या कानी पोचेपर्यंत इंग्रजीतून हिंदीत, हिंदीतून मराठीत आणि मराठीतून मायेत भाषांतरित झालेले असते. शेवटचे भाषांतर सर्वांत जास्त अर्थ खाते.

यावर उपाय खर्चिक नाही. घरी असताना आजारी माणसाला त्याच्या शब्दांत दुखणे सांगू द्यावे आणि ते तसेच कागदावर लिहून न्यावे. डॉक्टरांपुढे त्या माणसालाच खुर्चीवर बसवावे. मराठी शब्द निघाला तर निघू द्यावा आणि त्याचा अर्थ नातवाने खुलासेवार सांगावा. इंदूरच्या कित्येक डॉक्टरांना मराठी येते, कधी कधी "मराठी चालेल का?" एवढे विचारले तरी पुरते.

आकडे कसे ऐकावेत

"पंचाण्णव टक्के यश आहे" आणि "शंभरात पाच जणांना त्रास होतो" ही दोन वाक्ये गणिताने एक आहेत. मनाला ती एक वाटत नाहीत. १९८२ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फुफ्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया निवडाल की किरणोपचार, असा प्रश्न लोकांपुढे ठेवला होता. आकडे तेच, काहींना किती जगतात असे सांगितले, काहींना किती दगावतात असे. जगण्याच्या भाषेत सांगितले तेव्हा शस्त्रक्रियेकडे कल वाढला. विचारलेल्यांत रुग्ण होते, विद्यार्थी होते आणि डॉक्टरही होते. डॉक्टरांवरही भाषेचा हा परिणाम झालाच.

म्हणून आकडा ऐकला की दोन प्रश्न विचारावेत. हे यश कशाचे? गाठ निघण्याचे, की पुन्हा चालता येण्याचे? आणि उरलेल्या पाचांचे काय होते? टाक्यात पू होणे आणि प्राण जाणे या दोन्हींना 'कॉम्प्लिकेशन' हा एकच शब्द वापरला जातो. तसेच "ऑपरेशन यशस्वी झाले" याचा सर्जनच्या भाषेतला अर्थ ठरवलेले काम ठरल्याप्रमाणे पार पडले, एवढाच असतो. घरच्यांना तो "आता माणूस बरा झाला" असा ऐकू येतो. त्या दोन अर्थांमधल्या अंतरात पुष्कळ संताप जन्माला येतो.

बरे होणे म्हणजे काय

बरे होणे याचा अर्थ माणसागणिक बदलतो, हे देवासला वेगळे सांगायला नको. कुमार गंधर्व १९४८ च्या आरंभी क्षयाने आजारी होऊन येथील कोरड्या हवेसाठी आले. डॉक्टरांच्या सल्ल्याने सुमारे पाच वर्षे त्यांचे गाणे बंद राहिले. स्ट्रेप्टोमायसिन मिळू लागल्यावर प्रकृती सुधारली, एका फुफ्फुसाची शक्ती मात्र गेलेली राहिली, आणि १९५३ साली ते पुन्हा मैफलीत बसले. हे शस्त्रक्रियेचे उदाहरण नव्हे. पण क्ष-किरणांच्या फोटोत दिसणारे बरे होणे आणि गवयाला हवे असलेले बरे होणे यांत किती अंतर असते, हे याहून स्पष्ट कोठे दिसेल? अशा माणसाशी बोलताना डॉक्टरांना फुफ्फुसाबरोबर गाण्याचाही हिशेब करावा लागतो. शिंप्याची बोटे, शेतकऱ्याचे गुडघे, शिक्षकाचा आवाज, वाचणाऱ्याचे डोळे, यांचाही असाच हिशेब असतो. तो सांगितल्याशिवाय सर्जनला कळत नाही.

डॉक्टर रुग्णाशी कोणत्या भूमिकेतून बोलतो, याची मांडणी १९९२ साली इझिकिएल आणि लिंडा इमॅन्युएल यांनी केली. तिचा सारांश आपल्या भाषेत असा सांगता येईल. एक डॉक्टर वडीलधाऱ्यासारखा: मी सांगतो ते करा. दुसरा माल दाखवणाऱ्यासारखा: हे तीन पर्याय, हे त्यांचे आकडे, निवडा. याच्यापुढचा डॉक्टर आधी विचारतो, तुम्हाला काय महत्त्वाचे वाटते, आणि मग त्याला धरून सल्ला देतो. आपल्या वाडवडिलांना पहिला भेटला, आपल्याला बरेचदा दुसरा भेटतो. हवा असतो तो तिसरा.

असा डॉक्टर भेटल्याची एक कहाणी मूळच्या विदर्भातल्या एका मराठी घराची आहे. यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडजवळच्या उटी गावचे आत्माराम गावंडे अमेरिकेत ओहायो राज्यात मूत्ररोगांचे सर्जन होते. त्यांचे चिरंजीव अतुल गावंडे हेही सर्जन आणि नामवंत लेखक. 'बीइंग मॉर्टल' या २०१४ च्या पुस्तकात त्यांनी वडिलांच्या आजाराची हकिकत सांगितली आहे. आत्माराम यांच्या मानेतील मज्जारज्जूत गाठ निघाली. बॉस्टनच्या एका सर्जनने लवकर शस्त्रक्रिया करावी असे सांगितले. आत्माराम प्रश्न विचारत राहिले तसा तो त्रासत गेला. क्लीव्हलँडचे एडवर्ड बेन्झेल यांनी प्रश्न ऐकून घेतले, त्यामागची भीती ओळखली, आणि लक्षणे वाढेपर्यंत थांबता येईल असे सांगितले. पुढची काही वर्षे आत्माराम यांना आपले नेहमीचे आयुष्य जगता आले.

पुढे लक्षणे वाढली आणि शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा मुलाने वडिलांना अवघड प्रश्न विचारून ठेवले होते. कशाची भीती वाटते? काय सोसायची तयारी आहे, काय नाही? हातपाय पूर्ण लुळे पडून राहणे आपल्याला नको, हे वडिलांनी स्पष्ट सांगितले. शस्त्रक्रिया अर्ध्यावर असताना बेन्झेल बाहेर आले: हृदयाने त्रास दिला आहे, पुढे जायचे की थांबायचे? मुलाने विचारले, हातपाय जाण्याचा धोका कशात जास्त? थांबण्यात, असे उत्तर आले. मग पुढे जा, असे घरच्यांनी सांगितले. दाराबाहेरचा माणूस आत निजलेल्या माणसाचा शब्द बोलू शकला, कारण तो शब्द त्याने आधी विचारून घेतला होता.

"त्यांना सांगू नका"

आपल्या घरांतून डॉक्टरांना सर्वांत जास्त वेळा केली जाणारी विनंती हीच असेल. वाईट बातमी कशी सांगावी यासाठी २००० साली वॉल्टर बेल, रॉबर्ट बकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा पायऱ्यांची एक पद्धत मांडली. शांत जागी बसणे, रुग्णाला काय ठाऊक आहे ते विचारणे, त्याला किती जाणून घ्यायचे आहे ते विचारणे, सोप्या शब्दांत थोडे थोडे सांगणे, त्याच्या भावनेला वाट देणे आणि शेवटी पुढचा मार्ग आखणे. यातली तिसरी पायरी आपल्या कामाची आहे. सगळे सांगितलेच पाहिजे असा हट्ट नको, आणि सगळे लपवलेच पाहिजे असाही नको. "आजोबा, तपासण्यांविषयी तुम्हाला सगळं सांगू, की मुलाशी बोलू?" हे आजोबांनाच विचारता येते. ते म्हणाले, "त्याच्याशी बोला", तर तोही त्यांचाच निर्णय झाला. आणि न सांगितल्याने कळत नाही असेही नाही. बंद दाराआडच्या कुजबुजीवरून आणि अचानक आलेल्या मुंबईच्या लेकीवरून आजारी माणूस सारे ताडतो. मग तो आपल्यासाठी आणि आपण त्याच्यासाठी, असे दोघेही अजाणतेपणाचे सोंग धरून बसतो आणि निरोपाचे बोलणे राहून जाते.

घराने काय करावे

काही साध्या गोष्टी हाताशी ठेवाव्यात. डॉक्टरांशी बोलण्यासाठी घरातला एकच माणूस ठरवावा. पाच नातेवाइकांनी पाच वेळा विचारले की पाच उत्तरे होतात. प्रश्न आधी वहीत लिहावेत. ऐकून झाल्यावर "मला समजलं ते असं, बरोबर आहे ना?" असे डॉक्टरांना उलट सांगून पाहावे, गैरसमज तेथेच उघडा पडतो. संमतिपत्र थिएटरच्या दाराशी न घेता आदल्या दिवशी मागावे, घरच्या भाषेत वाचून घ्यावे. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यावर ७२ तासांत वैद्यकीय कागदपत्रे द्यावी लागतात, आणि आजाराचे गांभीर्य डॉक्टरांनी फुगवून सांगू नये तसेच कमी करूनही सांगू नये, असेही त्यांत म्हटले आहे. हे भांडणासाठी लक्षात ठेवायचे नाही. ओपीडीत शंभर माणसे बाहेर ताटकळत असताना सर्जनलाही वेळ अपुरा असतो. नेमका प्रश्न विचारणारा माणूस त्याचाही वेळ वाचवतो.

आणि या सर्वांच्या आधी एक काम घरातच करायचे आहे, त्यासाठी इंदूरला जावे लागत नाही. आई-वडील धडधाकट असताना, एखाद्या संध्याकाळी त्यांना विचारावे की कोणत्या गोष्टीवाचून जगणे तुम्हाला जगणे वाटणार नाही. उत्तर मराठीत मिळेल. ते लक्षात ठेवावे. पुढे कधी थिएटरचे दार उघडून कोणी विचारायला आले, तर द्यायला आपल्याजवळ तेवढेच असते.